बसली म्हणजे जुळली असं नाही

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की गॅरेजवाल्यांकडे एक तक्रार ठरलेली. गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते, दुपारी होटगी रोडला निम्म्या वाटेत मिसिंग करते, बंद पडते आणि सावलीत थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. प्लग बदलून झाला, पेट्रोल ठीक आहे, म्हणजे संशय इग्निशन कॉईलवर. मग दुकानातून नवी कॉईल येते, भोकं जुळतात, क्लिप बसते आणि काम झालं असं सगळे समजतात. पण कॉईल चेसिसशी जुळून भागत नाही, ती इग्निशनच्या बॉक्सशी, म्हणजे ठिणगी कधी पडावी हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीशी जुळावी लागते.

कॉईल म्हणजे लोखंडी गाभ्यावरच्या दोन गुंडाळ्या. प्रायमरी जाड तारेची, कमी वेढ्यांची. सेकंडरी अगदी बारीक तारेची, साधारण शंभरपट वेढ्यांची. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत व्होल्टेज उमटतं, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. प्लगच्या जेमतेम पाऊण मिलिमीटर फटीत ठिणगी पडायला जे हजारो व्होल्ट लागतात, ते याच तत्त्वावर मिळतात. क्षेत्र बदलण्याच्या रीती मात्र दोन आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिली रीत करंट तोडण्याची. जुन्या बुलेटच्या पॉइंटमध्ये (इंजिनबरोबर उघडझाप करणारा यांत्रिक स्विच) किंवा तेच काम ट्रान्झिस्टरने करणाऱ्या टीसीआय बॉक्समध्ये बॅटरीचा करंट प्रायमरीतून वाहू देतात. तो काही मिलिसेकंदांत चढतो, गाभ्यात ऊर्जा साठते आणि ऐन वेळी करंट तोडला जातो. वाहत्या पाण्याचा कॉक फटकन बंद केल्यावर पाइप धडकतो, तसे प्रायमरीत क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि सेकंडरीत त्याच्या शंभरपट. अशा कॉईलची प्रायमरी साधारण ३ ते ५ ओहमची असते. १२ व्होल्टला ४ ओहम म्हणजे ३ अँपिअर. बॉक्स तेवढ्यासाठीच बनवलेला असतो.

दुसरी रीत सीडीआय बॉक्सची. त्यात ऊर्जा कॉईलमध्ये साठतच नाही. ती बॉक्सच्या आतल्या कपॅसिटरमध्ये असते. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भरला की ४५ मिलिजूल ऊर्जा होते. पिकअप कॉईलचा (इंजिन कुठवर फिरलं हे सांगणारी वेगळी छोटी कॉईल) इशारा आला की कपॅसिटर एका झटक्यात प्रायमरीत रिकामा होतो. कॉईलचं काम फक्त व्होल्टेज चढवण्याचं, तेही चटकन. म्हणून तिची प्रायमरी अर्ध्या ओहमच्या आसपास असते.

आता अदलाबदल करून पाहा. सीडीआयची अर्ध्या ओहमची कॉईल टीसीआयला लावली तर हिशेबाने २४ अँपिअर करंट होतो. बॉक्समध्ये करंट आवरण्याची सोय नसेल, तर ट्रान्झिस्टर जळतो. चारशे-पाचशे रुपयांची कॉईल वाचवायला जाऊन बॉक्स गमावणं मला फार जिव्हारी लागतं, कारण हे टाळायला दोन मिनिटं पुरतात. उलट बाजूची चूक जास्त फसवी. टीसीआयची कॉईल सीडीआयवर बहुधा ठिणगी देते, गाडी सुरूही होते. पण व्होल्टेज सावकाश चढतं, काजळी धरलेल्या प्लगवर ते ठिणगी पडण्याआधीच गळतं आणि गाडी ओढीला मिसिंग करते.

दोन मिनिटांचं काम असं. चावी चालू करा, इंजिन बंदच ठेवा आणि प्रायमरीच्या वायरवर मल्टिमीटर लावून डीसी व्होल्ट बघा. टीसीआय असेल तर एका वायरीवर बॅटरीचे बारा व्होल्ट दिसतात. सीडीआयला तिथे बॅटरी येतच नाही. किक मारताना मात्र तिथे हात लावू नका, सीडीआयचे तीनशे व्होल्ट जोरात बसतात. मग कॉईल काढून ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.३ दिसलं आणि कॉईलवर ०.८, तर कॉईल ०.५ ची. ही वजाबाकी विसरली की चांगली कॉईल बाद ठरते. बऱ्याच सीडीआय कॉईलमध्ये प्रायमरीचं दुसरं टोक गाभ्याला जोडलेलं असतं, आणि करंटची परतीची वाट बोल्टमधून चेसिसला जाते. म्हणजे बोल्टखालचा गंज किंवा रंग खरवडला नाही तर नवी कॉईलही मुकी राहते.

आणि सोलापूरच्या उन्हाचं काय? तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना ४ ओहम असलेली प्रायमरी ८५ अंशांना ४.९ ओहमची होते. करंट उतरतो आणि टीसीआयमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरत असल्याने ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. चांगली कॉईल एवढं सोसते. सेकंडरीची तार आतून तुटत आलेली किंवा इन्सुलेशन तडकलेलं असेल, तर मात्र गरम झाल्यावरच दोष उघडा पडतो. त्यामुळे गॅरेजच्या सावलीत थंड झालेल्या कॉईलचं माप घेऊन निकाल देऊ नका. गाडी बंद पडली त्याच जागी, टाकीखाली हात भाजत असताना मोजा. सेकंडरी मोजताना प्लगकॅप काढायला विसरू नका, कारण रेझिस्टरवाल्या कॅपचे पाच किलोओहम त्यात मिसळतात.