५ पैकी ५, की २०० पैकी १८८?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीचा मिक्सर ऐन दसऱ्याच्या आधी जळाला. बाजारात जायला गुडघे साथ देत नव्हते, म्हणून तिने फोनवर शोधून दोन मिक्सर बाजूला काढले आणि मला बोलावले. एकाला ५ रिव्ह्यू, पाचही खूश. दुसऱ्याला २००, त्यांतले १८८ खूश आणि १२ नाराज.

"अगं, ह्याला तर पूरे पाच तारे आहेत. त्या दुसऱ्याबद्दल बारा माणसं तक्रार करताहेत," ती म्हणाली.

मावशीचा कौल पहिल्याला होता. मी तिला एक जुना हिशेब करून दाखवला. अठराव्या शतकातला फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नियमानुसार, पुरावा थोडा असेल तेव्हा त्यात एक खूश आणि एक नाराज असे दोन ग्राहक मनानेच मिळवायचे. मग पहिल्या मिक्सरचे ७ पैकी ६ होतात, म्हणजे सुमारे ८६ टक्के. दुसऱ्याचे २०२ पैकी १८९, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के. दोनशे माणसांच्या मतात दोन जास्तीची माणसे विरून जातात, पाचांच्या मतात ती चांगलीच जाणवतात. ताऱ्यांची सरासरी किती, यापेक्षा ती किती जणांवर उभी आहे, हे मी आधी बघते.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो आणि शीत आपण स्वतः, न निवडता उचलतो. रिव्ह्यूचे शीत आपण उचलत नाही, ते आपणहून पुढे येते. मिक्सर ठीकठाक चालला तर कोण लिहायला बसते? लिहितो तो हरखलेला किंवा चिडलेला. त्यामुळे बहुतेक वस्तूंच्या ताऱ्यांचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो: एक तारा देणारे काही, मधले अगदी थोडे आणि पाच तारे देणारे भरपूर. मधली सगळी माणसे गप्प असतात, आणि आपण बहुधा त्यांच्यातलेच असतो.

शिवाय जे लिहितात तेही आधीचे वाचून लिहितात. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या काही प्रतिक्रियांना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, मजकूर न बघता, एकेक अनुकूल मत देऊन ठेवले. तेवढ्यानेच पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटची गुणसंख्या सरासरी २५ टक्के जास्त भरली. मुद्दाम दिलेले प्रतिकूल मत मात्र वाचकांनी आपसूक भरून काढले. पहिले चार-पाच रिव्ह्यू घरच्यांकडून लिहवून घेण्याचा मोह विक्रेत्याला का होतो, ते यावरून कळते.

त्यात पैसाही आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हा एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढते असे दिसले, आणि हा फायदा साखळी हॉटेलांना नव्हे, तर स्वतंत्र उपाहारगृहांना होता. तारा इतका मोलाचा असेल तर तो विकतही घेतला जाणारच. मी मागवलेल्या एका चार्जरच्या खोक्यात चक्क कार्ड निघाले होते: पाच तारे द्या, फोटो पाठवा, १०० रुपये परत मिळवा. मला त्याची चीड आली. अशा रिव्ह्यूवर 'खरेदीची खात्री झालेली' अशी खूणही असते, कारण खरेदी खरीच झालेली असते. ती खूण पावती दाखवते, मत प्रामाणिक असल्याचे सांगत नाही.

मजकूर वाचून खोटे ओळखता येते का? आपल्याला वाटते तितके नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली शिकागोतल्या २० हॉटेलांचे ४०० खरे आणि ४०० पैसे देऊन लिहवून घेतलेले रिव्ह्यू घेतले. त्यांतले काही माणसांना वाचायला दिले, तर त्यांचा निवाडा नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा ठरला. संगणकाने मात्र जवळपास ९० टक्के अचूक ओळखले. खोटे लिहिणारे 'मी', 'माझा नवरा', 'आमची सुट्टी' असे जास्त लिहीत होते. खोली केवढी, न्हाणीघर कसे, असा जागेचा तपशील त्यांच्याकडे कमी होता. जो तिथे राहिलाच नाही त्याला न्हाणीघर कुठून आठवणार? आता यंत्रेच रिव्ह्यू लिहितात, त्यामुळे शब्दांवरून पकडणे आणखी अवघड झाले आहे. तरी वापरातून आलेला बारीक तपशील मला आजही सगळ्यांत भरवशाचा वाटतो. म्हणून मी दोन ते चार ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचते, तेही नव्यापासून जुन्याकडे. मिक्सरच्या पानावर मोबाईलच्या कव्हराची स्तुती दिसली, तर जुन्या वस्तूचे तारे नव्या वस्तूला चिकटवले आहेत असे समजते.

विक्रेत्याचे दावे तपासणे त्या मानाने सोपे, कारण तिथे पदार्थविज्ञान मदतीला येते. मिक्सरवरचे ७५० वॉट म्हणजे तो किती वीज ओढतो. चटणी किती बारीक होते ते त्यातून कळत नाही. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, साठवणीचे माप) लिहिलेले असते ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे. बाहेर ५ व्होल्टने देताना त्याचे ७,४०० होतात, आणि उष्णतेत जाते ते वेगळेच. 'आर्ट सिल्क'मधला 'आर्ट' कलेचा नसतो, तो 'आर्टिफिशियल'चा तुकडा असतो. तेव्हा त्या नावाची महेश्वरी साडी स्वस्त मिळाली, तर ते नकली रेशीम आहे हे धरून चालावे. आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर एका मिनिटात पडताळता येतो.

विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून रिव्ह्यू लिहायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे भारतीय मानक २०२२ साली आले, पण ते ऐच्छिक ठेवले गेले. ते सक्तीचे व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मावशीने दुसरा मिक्सर घेतला. होळीला पुरणाची डाळ त्यातच वाटली, आणि नंतर तिने मला समोर बसवून रिव्ह्यू सांगितला. मी जसाच्या तसा टाइप केला: ओले खोबरे दोन फेऱ्यांत बारीक होते. लहान भांड्याचे झाकण हाताने दाबून धरावे लागते. पाच मिनिटे सलग चालवला तर खालून गरम होतो. पाचव्या महिन्यात झाकणाची रबरी रिंग सैल झाली, नवी घ्यावी लागली. तारे चार.