प्रत कोणती, नोंद कुठली? फोटो-व्हिडिओच्या आवृत्त्यांची पार्श्वभूमी

नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. दादासाहेबांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी दोन रिळं उरली, त्यांच्याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. ती १९१३ च्या मूळ चित्रपटातली, की १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा चित्रित केला त्यातली? कथा तीच, प्रसंग तेच; नुसतं बघून निकाल लागत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनी ही डोकेदुखी लवकर ओळखली. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं, म्हणजे कोडच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. पुढे त्याच कामाची आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन आणि २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांचं गिट आलं. ही सगळी बेतलेली मुख्यतः मजकुरासाठी. कोडची एक ओळ बदलली की नेमकी तीच दाखवतात. जेपेगचं, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलचं, तसं नाही. समजा, फोटोच्या ओळीत, म्हणजे कॅप्शनमध्ये, चुकून ‘गांधी तलाव’ पडलं होतं, ते ‘रामकुंड’ केलं. चित्राचा एक ठिपकाही हलला नाही. पण ही ओळ फाइलच्या पोटातच असते, त्यामुळे गिटच्या लेखी फाइलच नवी. काय बदललं विचारलं, तर ‘बायनरी (म्हणजे मजकूर नसलेल्या) फाइल्स वेगळ्या आहेत’ एवढंच उत्तर!

त्यात या पोटातल्या नोंदींचंही एक घराणं नाही. वृत्तसंस्थांच्या जगातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयपीटीसीचे रकाने आले: ओळ, छायाचित्रकार, ठिकाण. कॅमेरावाल्यांनी १९९५ मध्ये एक्झिफ (फोटो कधी, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला वगैरे नोंदी) आणलं, अ‍ॅडोबीनं २००१ मध्ये एक्सएमपी. एकाच फोटोत तिन्ही नांदतात, आणि एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे पोचेलच याची खात्री नाही.

माझ्या मते खरी सोय केली ती एक्सएमपीच्या जोडफाइलनं, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रॉ फोटोला, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलला, हात न लावता त्याच्या नोंदी शेजारच्या छोट्या फाइलमध्ये राहतात. ती निव्वळ मजकूर, म्हणजे गिटच्या आवाक्यातली. वजनदार फाइलींचा प्रश्न २०१० मध्ये गिट-अ‍ॅनेक्सनं आणि २०१५ मध्ये गिट एलएफएसनं, या गिटला जोडायच्या साधनांनी, हाताळला. एलएफएसमध्ये व्हिडिओ दुसरीकडे ठेवतात. गिटमध्ये राहतात तीन ओळी, त्यांत फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) आणि आकार.

२०१५ मध्येच नाशिकला सिंहस्थही भरला होता. पुढचा आता तोंडावर आहे. शाही स्नानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतील तेव्हा ही सगळी यंत्रणा निरुपयोगी. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि एक्झिफ गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मात्र जसाच्या तसा पोचतो.