इशारा आला, पण हजेरीचं काय?

मार्च-एप्रिलमध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागात दुपारनंतर आभाळ भरून आलं की बेदाण्याच्या शेडवर पळापळ सुरू होते. डिपिंग करून, म्हणजे लवकर सुकावीत म्हणून द्रावणात बुडवून, जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं सुकायला साधारण दोन आठवडे लागतात. मधेच एक सर आत घुसली तर माल काळा पडतो आणि सौद्यात दर कोसळतो. वेलीवर उरलेल्या घडांची गत तर विचारूच नये. गारपीट झाली तर मणी फुटून कुजतात.

वळिवाचा ढग फार कमी वेळात तयार होतो. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा झपाट्यानं वर चढते आणि ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटरच्याही वर जातो. तिथं शून्याखालीही न गोठलेले थेंब बर्फाच्या कणांवर बसत जातात. वर उसळणारा झोत पेलेल तोवर गार वाढते, मग खाली येते. बर्फकणांच्या टकरींतून विद्युतभार वेगळे होतात आणि वीज पडते. एका ढगाचा हा सगळा खेळ बहुतेक वेळा तासाभरात आटोपतो, तोही दोन-चार गावांपुरता. म्हणून आदल्या दिवशीच्या अंदाजात ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ एवढंच सांगता येतं. नेमकं गाव रडारवर ढग दिसल्यावरच कळू लागतं. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा त्यावरच बेतलेला असतो.

हा इशारा पाळायचा की नाही, याचा एक साधा हिशोब आहे. समजा, शेड ताडपत्रीनं झाकायला मजुरी आणि सुकवणीतला खोळंबा धरून पाच हजार रुपये खर्च येतो आणि न झाकता पाऊस आला तर एक लाखाचं नुकसान होतं. मग पावसाची शक्यता पाच टक्क्यांहून जास्त असेल तर झाकणंच फायद्याचं. वीसपैकी अठरा वेळा पाऊस हुकला तरी शेतकरी नफ्यातच राहतो. ‘हवामानवाले नेहमीच चुकतात’ म्हणून इशारा सोडून देणारा याच ठिकाणी फसतो. इशाऱ्यात ही शक्यता टक्क्यांत सांगितली, तर हा हिशोब ज्याला त्याला आपल्या शेडपुरता मांडता येईल.

विजेच्या बाबतीत मात्र शक्यता मोजत बसायचं नसतं, काम थांबवायचं असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर सावध करतं. मोबाइल जवळ नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीसच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीत जावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

पण बागेत काम करणाऱ्या बाईनं तीन वाजता काम सोडलं तर तिची हजेरी अर्धीच लागते. म्हणजे इशारा पाळण्याचा खर्च तिच्या पदरी पडतो, आणि तो झेपत नाही म्हणून ती चिंचेखाली थांबून पुन्हा कामाला लागते. वीज पडून कुणी दगावलं तर सरकार वारसांना चार लाख रुपये देतं. त्याऐवजी गावातल्या बागायतदारांनी एकत्र बसून एवढं ठरवावं: विजेचा इशारा आला की काम बंद आणि हजेरी पूर्ण.