सौरज्वाला भडकली म्हणजे सौरवादळ येणारच असं नाही

2024 सालच्या दोन घटना शेजारी ठेवून बघा. 22 फेब्रुवारीला सूर्यावर एक्स 6.3 ताकदीची सौरज्वाला भडकली (एक्स हा ज्वालांचा सगळ्यात वरचा दर्जा). 2017 नंतर तेवढी मोठी ज्वाला उठली नव्हती. पण पृथ्वीवर त्यामुळे वादळ आलं नाही. मे महिन्यात एक्स 1, एक्स 2 अशा तिच्यापेक्षा बऱ्याच लहान ज्वाला एकामागून एक उठल्या, आणि 10 मेच्या रात्री वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, येऊन थडकलं. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेवरचं आकाश लाल झालं. ज्वालेच्या आकड्यावरून अंदाज बांधणारा माणूस दोन्ही वेळा फसला असता.

याचं कारण सरळ आहे. सौरज्वाला आणि सीएमई (कोरोनल मास इजेक्शन, सूर्यातून सुटणारा द्रव्याचा ढग) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये मात्र दोन्ही 'सौरवादळ' म्हणूनच येतात.

सौरज्वाला म्हणजे प्रकाशाचा भडका, त्यात मुख्यतः क्ष-किरण आणि अतिनील किरण असतात. तिची ताकद ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्यांनी मोजतात आणि प्रत्येक पायरी आधीच्या दसपट असते. प्रकाश असल्यामुळे ती सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत इथे पोचते. त्यामुळे तिची आगाऊ सूचना देता येत नाही. ती दिसते तेव्हा तिचा परिणाम सुरू झालेला असतो. सीएमई म्हणजे सूर्याच्या किरीटातून, म्हणजे सर्वांत बाहेरच्या तप्त थरातून, सुटलेला द्रव्याचा प्रचंड ढग. अब्जावधी टन विद्युतभारित वायू आपलं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन निघतो. त्याचा वेग सेकंदाला अडीचशे किलोमीटरपासून तीन हजार किलोमीटरपर्यंत असतो. म्हणून अगदी वेगवान ढग पंधरा-अठरा तासांत पोचतो आणि संथ ढगाला तीन-चार दिवस किंवा जास्तही लागतात. शिवाय ज्वालेचा प्रकाश सगळीकडे पसरतो, ढग मात्र एका दिशेने जातो. बरेचसे ढग आपल्या वाटेला येतही नाहीत.

एप्रिल-मेमध्ये बेळगावात रात्री गच्चीवर उभं राहिलं की लांब गोकाकच्या बाजूला वीज चमकलेली दिसते. वीज दिसली म्हणून पाऊस आपल्याकडे येईलच असं नाही, आणि कधी वीज न चमकताही सर येऊन जाते. ज्वाला आणि सीएमईचं नातं असंच सैल आहे.

सैल असलं तरी नातं आहे, कारण दोघांचं मूळ एकच. सौरडागांच्या, म्हणजे सूर्यावरच्या काळसर डागांच्या, वर चुंबकीय रेषा पिळवटत जातात, ताण असह्य झाला की तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा क्षणात मोकळी होते. तिचा एक भाग प्रकाश होऊन निघतो, तीच ज्वाला. त्याच झटक्यात वायूने भरलेली चुंबकीय कमानही सुटली तर सीएमई होतं. पण डागाच्या वरचं क्षेत्र घट्ट असेल तर कमान अडकून राहते. ऑक्टोबर 2014 मध्ये नेमकं हेच झालं. 24 वर्षांतला सगळ्यात मोठा डागसमूह पृथ्वीकडे तोंड करून होता, त्यातून एक्स दर्जाच्या सहा ज्वाला उठल्या, पण द्रव्य जवळपास काहीच सुटलं नाही. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हेच. उलटंही घडतं. डाग नसलेल्या शांत भागावरून वायूचा लांबलचक तंतू उचलला जातो आणि ठळक ज्वाला न दिसताच ढग निघतो.

हा गोंधळ फार जुना आहे. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झगमगता भडका पाहिला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळल्याची नोंद झाली. त्या वादळाची ताकद आज ठरवताना ही नोंद फार मोलाची मानतात. (तेव्हा आपला बेळगाव जिल्हाही मुंबई इलाख्यातच होता.) आधी ज्वाला, मग वादळ, म्हणून ज्वालेलाच कारण समजलं गेलं. सीएमई पहिल्यांदा टिपलं गेलं ते थेट डिसेंबर 1971 मध्ये, उपग्रहावरून.

आज सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल1 यानावर दोघांसाठी वेगळी उपकरणं आहेत. ज्वाला दिसते सूर्याच्या तबकडीवर. तबकडीची अतिनील चित्रं घेणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेने बनवली आणि फेब्रुवारीतली ती एक्स 6.3 ज्वाला तिने टिपली. सीएमई दिसतं तबकडीच्या बाहेर. त्यासाठी तबकडी झाकून किरीट पाहणारं व्हीईएलसी हे उपकरण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलं. एक पुण्याचं, एक बेंगळुरूचं, आणि आपण बेळगावकर पुणे-बेंगळुरू हायवेवर मध्ये, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

आता इथल्या माणसाला याचं काय? ज्वालेने बिघडतो तो दूरच्या पल्ल्याचा शॉर्टवेव्ह रेडिओ, तोही फक्त दिवस असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर. 9 मे 2024 ची एक्स 2.2 ज्वाला आपल्या दुपारी पावणेतीनच्या सुमाराला शिखरावर होती, म्हणजे आपण तिच्या टप्प्यात होतो. फेब्रुवारीतली मोठी ज्वाला उठली तेव्हा इथे पहाटेचे चार वाजले होते, सूर्यच उगवला नव्हता. 'आज रात्री सूर्याचे घातक किरण येणार, मोबाइल उशाशी ठेवू नका' हा निरोप दरवर्षी खानापूर-निपाणीपर्यंत फिरतो, तो इथेच खोटा ठरतो. दिवसासुद्धा हे क्ष-किरण वरच्या हवेतच शोषले जातात. सीएमईच्या वादळाला मात्र दिवस-रात्र नसते. जीपीएस, उपग्रह, लांब वीजवाहिन्या यांना त्याचा फटका बसतो. मार्च 1989 मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास गेली होती.

म्हणून बातमी वाचताना एक्सच्या पुढचा आकडा बघून थांबू नका. ढग सुटला का आणि आपल्या दिशेने निघाला का, हे शोधा. त्यानंतरही एक गोष्ट शेवटपर्यंत नक्की कळत नाही, ती म्हणजे ढगातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून वादळ भडकतं, उत्तरेकडे असेल तर बरंचसं बाजूने निघून जातं. ही दिशा थेट मोजता येते ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर, आदित्यसारखी यानं असतात त्या एल1 बिंदूपाशी, आणि सेकंदाला 800 किलोमीटरने येणारा ढग तिथून पृथ्वीपर्यंत अर्ध्या तासात पोचतो.