जोडताऱ्यातील श्वेत बटूचा स्फोट (प्रकार १अ अतिनवतारा)

दोन ताऱ्यांच्या जोडीतील श्वेत बटू आपल्या साथीदाराकडून द्रव्य ओढून किंवा त्याच्याशी एकजीव होऊन अणुस्फोटाने संपूर्ण विखुरतो, त्या घटनेला प्रकार १अ अतिनवतारा म्हणतात. बोलण्यात ‘सुपरनोव्हा’ हाच शब्द रुळला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी मुलांची येथे एक गल्लत होते. मराठीत नक्षत्र म्हणजे ताऱ्यांचा समूह, तर कन्नडमध्ये नक्षत्र म्हणजे कोणताही एकटा तारा. कन्नड पुस्तकातले ‘श्वेत कुब्ज’ आणि मराठी पुस्तकातला ‘श्वेत बटू’ मात्र एकच.

सूर्यासारखा तारा म्हातारपणी बाहेरचे थर टाकून देतो आणि मागे कार्बन व ऑक्सिजनचा गाभा उरतो. हाच श्वेत बटू. आकार साधारण पृथ्वीएवढा, पण द्रव्य इतके दाटलेले की साखरेच्या चौकोनी वडीएवढ्या तुकड्याचे वस्तुमान सुमारे एक टन भरावे. एकटा असला तर तो अब्जावधी वर्षे नुसता निवत राहतो. हिवाळ्यात ठळक दिसणाऱ्या व्याधालाही असा साथीदार आहे. तो १८६२ मध्ये दुर्बिणीतून प्रथम दिसला. त्या दोघांची फेरी सुमारे ५० वर्षांची आणि अंतर मोठे, त्यामुळे तिथे आज द्रव्याची देवघेव होत नाही. स्फोटासाठी जोडी फार जवळची लागते.

स्फोट का होतो, हे पुष्कळसे उलगडले आहे. साधा वायू तापला की फुगतो आणि फुगला की निवतो. सूर्याची भट्टी याच गुणामुळे आटोक्यात राहते. श्वेत बटूला तोलून धरणारा दाब इलेक्ट्रॉनांचा असतो आणि तो तापमानावर जवळजवळ अवलंबून नसतो. म्हणून आत कार्बन पेटला तरी तारा फुगत नाही. तापमान वाढते, त्याने ज्वलन वाढते, त्याने पुन्हा तापमान वाढते. सूर्य आपल्या साऱ्या आयुष्यात देईल साधारण तेवढी ऊर्जा काही सेकंदांत मोकळी होते आणि मागे बहुधा काहीच उरत नाही. ही कल्पना फ्रेड हॉयल व विल्यम फाउलर यांनी १९६० मध्ये मांडली. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हे याच हॉयल यांचे शिष्य.

काडी कोण लावते, हा खरा वादाचा प्रश्न. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवून दिलेली मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट आहे. त्याहून जड श्वेत बटू स्वतःचा भार पेलू शकत नाही. १९७३ मध्ये व्हेलान व आयबेन यांनी मांडलेल्या मार्गानुसार फुगलेल्या साथीदाराचे द्रव्य बटूवर साचत जाते आणि मर्यादेजवळ येताच गाभा पेटतो. १९८४ मध्ये दुसरा मार्ग पुढे आला: दोन श्वेत बटू एकमेकांभोवती फिरताना गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावतात, जवळ येत जातात आणि शेवटी एकमेकांत मिसळतात. तिसऱ्या मार्गात मर्यादा गाठावीच लागत नाही. पृष्ठभागावर साचलेला हेलियमचा थर आधी फुटतो आणि त्याचा धक्का आतल्या कार्बनला पेटवतो.

पुरावे एका बाजूला पूर्ण झुकत नाहीत. ऑगस्ट २०११ मध्ये एम १०१ दीर्घिकेतील अतिनवतारा स्फोटानंतर काही तासांतच सापडला. त्या जागेची आधी घेतलेली छायाचित्रे तपासली, तर पहिल्या मार्गाला साजेसा तांबडा राक्षसी (म्हातारपणी फुगलेला) साथीदार तिथे नव्हता. १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात टायको ब्राहे यांनी पाहिलेला ‘नवा तारा’ याच प्रकारचा होता, हे त्याच्या प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून, म्हणजे धुळीवर आपटून उशिरा पोचलेल्या प्रकाशावरून, २००८ मध्ये निश्चित झाले. त्याचा वाचलेला साथीदार कोणता, यावर अजून एकमत नाही. २०१८ मध्ये ताऱ्यांची स्थाने व गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या नोंदींतून भन्नाट वेगाने धावणारे तीन तारे सापडले. फुटलेल्या जोडीदाराच्या कक्षेतून भिरकावले गेलेले श्वेत बटू ते असावेत. प्रस्तुत लेखकाला दोन बटूंचा मार्ग आज अधिक भक्कम वाटतो, पण सगळे स्फोट एकाच वाटेने होतात असे मानण्याचे कारण नाही.

हा वाद केवळ ताऱ्यांपुरता नाही. या स्फोटांचे तेज जवळपास ठरलेले असल्याने ते अंतर मोजायला वापरतात. त्यातूनच १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे दिसले आणि २०११ चे नोबेल त्यासाठी मिळाले. नारळीकर व सहकाऱ्यांनी याच निरीक्षणांचा वेगळा अर्थ सुचवला होता: अवकाशातील धातूच्या सूक्ष्म तंतूंमुळे दूरचे स्फोट मंद दिसत असतील. बहुतेकांनी तो स्वीकारला नाही, तरी ज्या दिव्याने अंतर मोजायचे तो नीट ओळखायला हवा, हा आग्रह रास्त होता.

स्फोटात सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ०.६ पट निकेल-५६ हे किरणोत्सारी निकेल तयार होते. त्याचे आधी कोबाल्टमध्ये आणि मग लोहात रूपांतर होते. कोबाल्टचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, ७७ दिवस. आठवड्यांमागून आठवडे टिकणारा उजेड याच क्षयाचा असतो. आकाशगंगेतील निम्मे किंवा त्याहून अधिक लोह अशा स्फोटांतून आले, असा अंदाज आहे. खानापूरकडच्या जांभ्या दगडाचा तांबडेपणा आणि बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांत साच्यात ओतला जाणारा रस या दोन्हींतील लोहाचा मोठा भाग सूर्य जन्मण्याआधी कुठल्या तरी श्वेत बटूत घडला आहे.

या प्रश्नाशी नाते सांगणारी एक जोडी आपल्याकडच्या आकाशातही आहे. वैशाखात, मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला अंधार चांगला मिळतो. मध्यरात्रीच्या सुमारास उत्तर मुकुट या तारकासमूहाचे अर्धवर्तुळ जवळपास डोक्यावर येते. त्यातील टी ताऱ्यात तांबडा राक्षसी तारा आणि श्वेत बटू २२७ दिवसांत एक फेरी घालतात. एरवी तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८६६ आणि १९४६ मध्ये मात्र पृष्ठभागावर साचलेला हायड्रोजन भडकून तो ठळक झाला होता. हा नवतारा, अतिनवतारा नव्हे; बटू शाबूत राहतो. प्रत्येक भडक्यात तो साचवलेल्यापेक्षा जास्त द्रव्य उडवून देतो की थोडे राखून ठेवतो, यावर त्याचा शेवट ठरणार आहे.