ओलं कळतं, पण किती ओलं?

मोठ्यांच्या डायपरमध्ये ओल ओळखणारे सेन्सर येऊ लागले आहेत, पण त्यांची गोष्ट जुनी आहे. 1904 साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी इस्पितळातल्या मुलांच्या अंथरुणात एक विजेची सोय केली. मूल ओलं झालं की लघवीतून विजेचा मार्ग पुरा व्हायचा आणि घंटा वाजायची. कपडे कधी बदलायचे ते नर्सला कळावं, एवढाच हेतू. झालं भलतंच. घंटेमुळे मुलंही जागी होऊ लागली आणि काहींचं अंथरूण ओलं करणंच थांबलं. पुढे 1938 मध्ये अमेरिकेत माउरर दांपत्यानं हाच प्रकार उपचार म्हणून पद्धतशीरपणे वापरला. बेडवेटिंग अलार्म आजही त्याच तत्त्वावर चालतो.

मोठ्यांच्या डायपरमधला सेन्सर मात्र फाउंडलर यांच्या मूळ हेतूशी इमान राखून आहे: ज्याला स्वतःला सांगता येत नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्याला सांगायचं. आणि ते वेळेत सांगायला हवं. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. लघवी बराच वेळ अंगाला लागून राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आम्लता घटते आणि भिजून मऊ पडलेली कातडी सोलवटू लागते. त्यात शौचही झालेलं असेल तर त्यातली विकरं (एन्झाइम) याच बदललेल्या वातावरणात जास्त जोमानं काम करतात.

ओल ओळखणं तसं सोपं. लघवीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, भरपूर असतात, त्यामुळे तिच्यातून वीज सहज वाहते. डायपरच्या थरात कार्बनच्या शाईच्या दोन रेषा छापल्या, की कोरडं असताना त्यांच्यामधला विद्युतरोध प्रचंड असतो आणि भिजताच तो कोसळतो. फक्त प्रवाह एकाच दिशेनं सतत सोडला तर रेषांवर रासायनिक क्रिया होऊन मोजमाप बिघडतं, म्हणून अगदी क्षीण आणि दिशा बदलत राहणारा प्रवाह वापरतात.

पण ही युक्ती सांगते काय? 'ओलं झालं', बस. चमचाभर लघवीनंही दोन रेषा जोडल्या जातात. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 200 ते 400 मिलिलिटर लघवी होते आणि चांगला डायपर असं एकाहून जास्त वेळा सामावून घेण्यासाठीच बनवलेला असतो. पहिल्या थेंबाला बोंब मारणारा सेन्सर झोपलेल्या माणसाला उगाच उठवणार आणि चांगला डायपर कचऱ्यात घालणार. खरा प्रश्न 'किती ओलं?' हा आहे, आणि तिथं गणित अवघड होतं ते डायपर आपलं काम चोख करतो म्हणून! आत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण असतात. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. लघवी खारट असल्यानं तिच्या बाबतीत हा आकडा साधारण तीस ते साठ पटींवर येतो, तरी तो पुरेसा आहे. कण फुगून जेल बनतात आणि वरचा थर पुन्हा जवळपास कोरडा पडतो. म्हणजे सेन्सर त्वचेजवळ ठेवला तर थोड्या वेळानं त्याला सगळं आलबेल वाटतं, आणि तळाशी ठेवला तर बातमी उशिरा कळते. त्यातून माणूस कुशीवर निजला असेल तर एकच बाजू भिजते. म्हणून काही रचनांमध्ये लांबीभर अनेक रेषा छापून, त्यांतल्या किती भिजल्या यावरून अंदाज बांधतात.

दुसरा मार्ग धारकतेचा (कपॅसिटन्सचा), म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा. मध्ये कोणता पदार्थ आहे त्यावर ती क्षमता किती पट वाढते हे सांगणारा आकडा म्हणजे परावैद्युत स्थिरांक: पाण्याचा 80च्या आसपास, हवेचा 1. त्यामुळे जलरोधक आवरणाच्या बाहेर चिमट्यासारख्या लावलेल्या सेन्सरलाही आतलं पाणी जाणवतं, आणि चिमटा पुन्हा वापरता येतो. अडचण अशी की माणसाचं शरीरही बहुतांशी पाणीच आहे. कूस बदलली, डायपर दाबला गेला, तरी आकडा हलतो. अशा वेळी तापमानाची जोड कामी येते: ताजी लघवी शरीराइतकी गरम असते, आवरण त्याहून थंड. तापमान चटकन चढून सावकाश उतरलं तर तो घाम नव्हे.

मला सगळ्यांत आवडलेली कल्पना 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून आली. तिथल्या संशोधकांनी शोषक जेललाच अँटेनाचा भाग बनवलं. जेल भिजलं की विजेला वाट देतं आणि खाली चिकटवलेला आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी ओळख कळवणारी छोटी चिप) जवळच्या रीडरला संदेश पाठवतो. टॅगला बॅटरी लागत नाही, खर्च दोन सेंटपेक्षा कमी. मर्यादा अंतराची, साधारण मीटरभर. जपानच्या रित्सुमेइकान विद्यापीठात तर लघवीलाच बॅटरीतला द्रव केलं. भिजल्यावर निर्माण होणारी वीज साठते आणि पुरेशी साठली की रेडिओ संदेश जातो. जे ओळखायचं त्याच्याच जिवावर यंत्र चालतं, आणि कोरड्या डायपरमध्ये ते निमूट पडून असतं.

या सगळ्यापुढे डायपरवरची रंग बदलणारी पट्टी बाळबोध वाटेल. तिच्यात बहुधा ब्रोमोफिनॉल ब्लूसारखं रंगद्रव्य असतं: तीव्र आम्लात पिवळं, आणि लघवीमुळे आम्लता घटून pH (आम्लता कमी तसा वाढणारा आकडा) साडेचारच्या वर गेला की निळं. वीज नको, मोबाइल नको. पण ती पाहायला पांघरूण उचलावं लागतं, आणि मध्यरात्री नेमकं तेच टाळायचं असतं.

शौच ओळखण्यात अजून कुणी मैदान मारलेलं नाही. ते घट्ट असेल तर रेषा भिजतच नाहीत. वायू हुंगणारे सेन्सर लावता येतात, पण नुसता वारा सरला तरी ते दवंडी पिटतात. अशा खोट्या हाका वाढल्या की काळजी घेणारी माणसं खऱ्या हाकेकडेही काणाडोळा करू लागतात.

म्हणूनच सेन्सरचा जास्त शहाणा उपयोग मला नोंदीत दिसतो. काही दिवसांच्या वेळा हाती आल्या की लघवी साधारण केव्हा होते ते कळतं, आणि ज्यांना आधार देऊन चालवता येतं त्यांना त्याआधीच शौचालयात नेता येतं. जपानी बनावटीचं डीफ्री हे उपकरण त्याही आधीचा टप्पा गाठतं. ओटीपोटावर बसवलेल्या अल्ट्रासाउंडनं ते मूत्राशय किती भरलं आहे याचा अंदाज घेतं आणि लघवी होण्यापूर्वीच सूचना देतं.