ग्रुप ‘लॉक’ केला म्हणजे स्पॅमर अडला, असं नाही

सोसायटीच्या नाहीतर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी शेअर बाजाराच्या ‘खात्रीशीर’ टिपा येऊन पडतात. कधी ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. मग ॲडमिन जाहीर करतात, “ग्रुप लॉक केला आहे. आता फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतील. निश्चिंत राहा.” खाली अंगठ्यांची रांग लागते. लॉक काहीच झालेलं नसतं.

मेसेज कोणी टाकायचे, हे ठरवणारी सेटिंग २०१८ पासून आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल, ही सेटिंग वेगळी. ती २०२३ मध्ये आली. ग्रुप परमिशन्समध्ये दोन्ही एकाच पानावर दिसतात, म्हणूनच बहुधा एक चालू केली की दुसरीचं काम झालं असं लोक धरून चालतात. पहिलीने तोंड बंद होतं, दार उघडंच राहतं.

तोंड बंद करून भागत का नाही? कारण मुरलेला स्पॅमर ग्रुपवर एक अक्षरही लिहीत नाही. ग्रुपच्या आमंत्रणाच्या लिंकवरून आत येतो, ग्रुप इन्फो उघडतो आणि सदस्यांची यादी खाली सरकवत जातो. नंबर, त्यापुढे लोकांनी स्वतःच लिहिलेलं नाव, आणि प्रायव्हसी सेटिंगकडे कधी पाहिलंच नसेल तर फोटोसुद्धा. ‘फक्त ॲडमिन’ असलेल्या ग्रुपवरही हे सगळं त्याला दिसतं. मग सदस्यांना एकेकट्याने मेसेज जायला लागतात: “नमस्कार काका, मी आपल्याच सोसायटीतला.” काका शहानिशा करायला जातात, तर दोघांचा सामाईक ग्रुप म्हणून सोसायटीचंच नाव दिसतं. झाली खात्री! लॉक केल्यामुळे आणखी एक नुकसान होतं. ज्या काकूंना असा मेसेज आला, त्यांना ग्रुपवर “सावध राहा” एवढंही लिहिता येत नाही.

तेव्हा माझं ठाम मत: मंजुरी चालू ठेवा आणि बोलणं मोकळं ठेवा. मात्र विनंती आली की डोळे झाकून टिचकी मारू नका. फ्लॅट नंबर विचारा, कोणी लिंक दिली ते विचारा. खरा शेजारी दोन मिनिटांत सांगतो. आणि कार्यक्रमाच्या पोस्टरवर ग्रुपचा क्यूआर कोड छापणाऱ्या उत्साही मंडळींना कोणीतरी आवरा.

मेसेज बंद करणारे काही ॲडमिन स्पॅमपेक्षा पोलिस केसला घाबरलेले असतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे की, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं कृत्य दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तेवढ्यासाठी सगळ्यांना गप्प बसवायची गरज नाही.

स्पॅमरला काढून टाकणं आणि लिंक रिसेट करणं, म्हणजे जुनी लिंक बाद करून नवी घेणं, यांतही गल्लत होते, पण ती सोपी आहे: काढलात तर एक नंबर गेला, जुनी लिंक तशीच फिरत राहिली की त्याचा भाऊबंद येतोच. दोन्ही करा. ब्लॉकचा परिणाम फक्त तुमच्यापुरता. रिपोर्ट केलंत तर समोरच्याने तुम्हाला पाठवलेले शेवटचे ५ मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, त्याला ते कळत नाही.

शे-दोनशे अनोळखी माणसं एकत्र आणायचीच असतील तर साधा ग्रुप काढूच नका, कम्युनिटी काढा, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली आणणारी व्हॉट्सॲपची सोय. तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी सूचना टाकायच्या ग्रुपमध्ये, सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ॲडमिनला दिसतात, आणि ज्याने तुमचा नंबर आधीच सेव्ह केला आहे त्याला. मात्र कम्युनिटीच्या आतल्या छोट्या ग्रुपांत नंबर नेहमीसारखेच दिसतात, तिथे मंजुरी वेगळी चालू करावी लागते.